बंडगर हवालदाराची वही

सोलापुरात पोलिसांच्या गाड्या पुष्कळ आणि त्या चालवणारे हवालदारही पुष्कळ. पण शेजारी बसणाऱ्या साहेबाला पहिल्याच दिवशी एक वही दाखवणारा चालक साऱ्या शहरात एकच होता, बिरुदेव बंडगर. वय चोपन्न, अंगाने आडवा, मिशा भरघोस आणि आवाज मात्र देवळात बोलल्यासारखा हळू. कुंभारीहून रोज सकाळी तो आपल्या जुन्या मोटारसायकलवर, चाळीसच्या पुढे काटा न नेता, ठाण्यात यायचा. बोलेरोच्या चारी चाकांना बुटाचं टोक लावून हवा बघायचा, ओल्या फडक्याने काच पुसायचा आणि मग डॅशबोर्डला सुतळीने बांधलेली ती जाड पुठ्ठ्याची वही सरळ करून ठेवायचा. वहीला पेनही बांधलेलं होतं. ते चालतंय की नाही, हेसुद्धा तो रोज कोपऱ्यात रेघ ओढून बघायचा.

वहीत त्याने स्वतःच्या हाताने पट्टीने रकाने आखले होते. तारीख, वेळ, ठिकाण. आणि शेवटचा, सगळ्यात रुंद रकाना होता, ‘गाडी जोरात घेण्याचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व सही’.

रस्त्यावर कुणी पळालं आणि शेजारचे साहेब "बंडगर, दाब!" असं ओरडले की बिरुदेव नम्रपणे म्हणायचा, "दाबतो की साहेब. तेवढी सही करा." चौदा वर्षांत त्या सीटवर नऊ साहेब बसून गेले. काही चांगले होते, काही नुसतेच मोठ्या आवाजाचे. पण पेन हातात आलं की सगळे सारखेच. कुणाला एकदम खोकला यायचा, कुणाला रस्त्यावरची गर्दी दिसायला लागायची. "असू दे रे, वायरलेसवर नंबर देऊ, पुढचे धरतील," असं म्हणून वही जागेवर जायची आणि बिरुदेव तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चालवत राहायचा. तारखा भरल्या, ठिकाणं भरली. सहीचा रकाना मात्र पहिल्या पानापासून कोरा. चौदा वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नव्हता आणि त्याच्या गाडीने कुणाला ओरखडा काढला नव्हता. तोंडाने हुकूम सोडायला काय जातं? तोच हुकूम शाईने लिहायची वेळ आली की माणसाला अक्कल येते, हे बिरुदेवला वहीने शिकवलं होतं आणि त्या शिक्षणाचा त्याला अभिमान होता. थोडा जास्तच होता, असं म्हटलं तरी चालेल.

दुधाने तोंड पोळल्याशिवाय कुणी ताक फुंकत बसत नाही. बिरुदेवचं तोंड पोळलं ते दोन हजार नऊ साली, होटगी रोडला, भर दुपारी. चोरीच्या मोटारसायकलवरचे दोघे पुढे आणि मागे पोलिसांची जीप. शेजारी बसलेले तेव्हाचे इन्स्पेक्टर सीटवरून अर्धे उठून ओरडत होते, "दाब, बंडगर, दाब! आज सुटले तर तुझी खैर नाही!" बिरुदेवने दाबलं. वळणावर समोर म्हैस आली, त्याने स्टेअरिंग कापलं, जीपचं मागचं अंग फिरलं आणि रस्त्याकडेला मेथीची पाटी घेऊन एसटीची वाट बघत उभी असलेली एक बाई त्याखाली सापडली. चंद्रव्वा तिचं नाव, अक्कलकोटकडची. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला.

चोर सापडले नाहीत. गुन्हा दाखल झाला तो बिरुदेववर, भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा. हुकूम देणारा शेजारच्या सीटवर असतो, पण स्टेअरिंग त्याच्या हातात नसतं, म्हणून तो आरोपी होत नाही, साक्षीदार होतो. इन्स्पेक्टरसाहेबांनी जबाब दिला, ‘मी चालकास वेग कमी करण्याची वेळोवेळी समज दिली होती.’ हे वाक्य बिरुदेवला आजही तोंडपाठ आहे. आधी निलंबन झालं, मग सात वर्षं कोर्टाच्या तारखा. निलंबनाला दोन वर्षं झाल्यावर गाडीवर परत घेतलं, त्या दिवशी त्याने बाजारातून ती वही आणली.

सात वर्षांनी पुराव्याअभावी तो सुटला. कोर्टाच्या व्हरांड्यात चंद्रव्वा बाकावर बसली होती, कुबडी भिंतीला लावून. बिरुदेव तिच्या पुढे जाऊन उभा राहिला. हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, हुकूम त्यांचा व्हता. कागदात माझं एकट्याचंच नाव आलं."

चंद्रव्वाने त्याच्याकडे वर पाहिलं. तिच्याकडे धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. ती म्हणाली, "तम्मा, कागदात तुजं नाव लिवलं काय, त्याचं लिवलं काय. माजा पाय कुणाच्याच कागदात न्हाई की."

बिरुदेवने ते ऐकलं, मान हलवली आणि घरी आला. पण ते बोलणं त्याच्या कानापर्यंतच पोचलं होतं. डोक्यात शिरायला त्याला आणखी नऊ वर्षं लागली.

फेब्रुवारी महिन्यातला मंगळवार होता. विजापूर रोडवर नाकाबंदी लागली होती आणि बिरुदेवच्या शेजारी होते फौजदार अभिमन्यू शिरसट. मोहोळकडचा शेतकऱ्याचा मुलगा, अभ्यास करून परीक्षा पास झालेला, ठाण्यात येऊन तीन महिने झालेले. पोरगा हुशार, कामाला वाघ. दोष एवढाच की त्याला सगळं आजच करायचं असायचं. त्याच्या गावात आजवर कुणी फौजदार झालं नव्हतं आणि पहिली मोठी कामगिरी पेपरात कधी येते याची त्याच्यापेक्षा त्याच्या गावाला जास्त घाई होती.

बारा पंचवीसच्या सुमाराला एक पांढरी पिकअप आली. शिपायाने हात केला तशी ती थांबल्यासारखी झाली आणि एकदम उसळून लोखंडी अडथळा पाडून पळाली. सकाळीच वायरलेसवर एका चोरीच्या पिकअपचं वर्णन आलं होतं. अभिमन्यू धावत येऊन गाडीत बसला. "बंडगर, दाब!"

बिरुदेवने गाडी काढली, सायरन लावला आणि सवयीने म्हणाला, "दाबतो की साहेब. तेवढी सही करा."

आणि जे चौदा वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं. अभिमन्यूने वही ओढली. सुतळी तुटली. हलत्या गाडीत, गुडघ्यावर वही ठेवून, त्याने तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि तीन रकाने ओलांडून जाईल अशी ठसठशीत सही ठोकली. "झाली सही! नाव पण लिहिलंय. काही झालं तर माझी जबाबदारी. आता दाब!"

बिरुदेवने डोळ्याच्या कोपऱ्यातून सही पाहिली. शब्दाला जागणारा माणूस, मागे कसा हटणार? त्याने दाबलं. साठ, सत्तर, ऐंशी. खोटं कशाला बोला, पायाला बरं वाटलं. इतकी वर्षं आवळून धरलेला पाय मोकळा झाला होता आणि यावेळी डोक्यावर भीती नव्हती. काही झालं तर कागद त्याच्या बाजूने होता. पिकअप विजापूर रोड सोडून जुळे सोलापुरात शिरली. तिथले रस्ते रुंद असले तरी दर शंभर पावलांवर एक बोळ येऊन मिळतो. एका बोळातून स्कूटीवरची बाई निघाली आणि पिकअप तिच्या हँडलजवळून गेली. बिरुदेवच्या पायाने वेग सोडला नाही.

मग पुढे शाळेचा चौक दिसला. साडेबारा झाले होते, सकाळची शाळा सुटली होती.

बिरुदेवने चौक पाहिला आणि त्याच क्षणी त्याला चंद्रव्वाचा आवाज ऐकू आला, कुबडीसकट. मांडीशेजारी वही पडली होती, त्यात सही होती. त्या सहीने त्याची नोकरी वाचणार होती. पेन्शन वाचणार होती. चौकातलं कुणीही वाचणार नव्हतं. इतकी साधी गोष्ट कळायला आपल्याला सोळा वर्षं लागली, याची त्याला भयंकर लाज वाटली.

त्याने पाय काढला. सायरन बंद केला. गाडी डाव्या कडेला घेतली आणि थांबवली.

"काय करतोयस? काय करतोयस तू?" अभिमन्यू ओरडला.

बिरुदेव पिकअपकडे बघत होता. मागचा आवाज बंद झाल्यावर पिकअपवाल्याने एकदा आरशात पाहिलं असावं. कारण चौकाच्या अलीकडे त्याचे मागचे लाल दिवे लागले, गाडी हळू झाली, हॉर्न वाजवत पोरांच्या गर्दीतून सावकाश वाट काढत पलीकडे गेली आणि वळली. बिरुदेवने वायरलेस उचलला. रंग, नंबराचे वाचता आलेले चार आकडे आणि दिशा सांगितली. मग म्हणाला, "साहेब, माफ करा. हितं दाबायचं न्हवतं."

"सही केली होती मी!"

"व्हय साहेब. तीच चूक झाली माझी."

अभिमन्यूला त्या उत्तरातलं एक अक्षर कळलं नाही आणि कळून घ्यायची त्याची मनःस्थितीही नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याचा रिपोर्ट वर गेला. आठवड्याने बिरुदेवच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. ‘स्वतः ठेवलेल्या नोंदवहीत अधिकाऱ्याची लेखी सही घेऊनही आदेशाचे पालन केले नाही व संशयितास पळून जाण्यास वाव दिला.’ सोबत जोडलेला पुरावा म्हणजे त्याच्या वहीचं ते पान. चौकशीचा निकाल लागेपर्यंत त्याला गाडीवरून काढून मुख्यालयाच्या फाटकावर पहाऱ्याला उभं केलं. आरोप सिद्ध झाला तर पुढची चार वर्षं, निवृत्तीपर्यंत, ते फाटकच. स्टेअरिंगला पुन्हा हात नाही.

बाहेरच्याला यात फार मोठं काही वाटायचं नाही. पण ज्याने सत्तावीस वर्षं गाडीशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याला फाटकाशी उभं करणं म्हणजे हात असून बांधून ठेवणं. मुख्यालयातून गाड्या बाहेर पडायच्या आणि आवाजावरून त्याला कळायचं की ह्याचा क्लच घसरतोय, त्याला तेल कमी आहे. सांगायचं कुणाला? जुने सोबती येता-जाता चिमटे काढायचे. "काय बंडगर, हात दाखवून अवलक्षण! वही ठेवा म्हणून कुणी सांगितलं होतं?" बिरुदेव हसायचा, पण चिमटा लागायचा, कारण तो खरा होता.

पिकअप चौथ्या दिवशी सापडली. मोहोळच्या अलीकडे एका धाब्यावर ती उभी होती आणि चालक बाजेवर आडवा होऊन घोरत होता. मागे कुणी नाही म्हटल्यावर त्याने दोन दिवस तिथेच मुक्काम ठोकला होता. गाडी सापडली, चोर सापडला, पण नोटीस काही मागे गेली नाही. उलट धरला तो ग्रामीणच्या पोलिसांनी, त्यामुळे शहरातल्या साहेबांचं तोंड आणखीच कडू झालं.

कार्यालयात आण्णा म्हणून एक जुने कारकून होते. कुणाचंही भलं व्हावं आणि फाईल लवकर बंद व्हावी, या दोनच गोष्टी त्यांना आयुष्यात हव्या असायच्या. त्यांनी बिरुदेवला बोलावलं आणि टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "माफीनामा तयार आहे. ‘अनवधानाने माझ्या हातून कसूर झाली, यापुढे होणार नाही.’ खाली सही कर आणि सूट. पुढच्या सोमवारी गाडीवर असशील. सगळे असंच करतात."

बिरुदेवने कागद दोनदा वाचला. "आण्णा, अनवधानानं म्हंजी ध्यान नसताना, न्हवं का?"

"लिहायची पद्धत असते रे. शब्द काय चघळत बसतोस?"

"न्हाय, पर त्याच येळंला माझं सगळ्यात जास्त ध्यान व्हतं." त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "घरी विचारून सांगतो."

कुंभारीच्या घरी अंगणात अजून आठ मेंढरं होती, हौसेपुरती राखलेली. पेन्शनीनंतर सोबत हवी, म्हणून सोजरबाईने ती विकू दिली नव्हती. सोजरबाई म्हणजे बिरुदेवची बायको. नवरा घरात हळू बोलतो म्हणून दोघांच्या वाटणीचं मोठ्याने बोलणारी. तिने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आवो, चौदा वर्सं जगाच्या सह्या मागत हिंडलासा. आता तुमच्यावर पाळी आली तर हात कापाय लागला व्हय?"

"तसं न्हाय सोजर."

"मग कसं? चार वर्सं ऱ्हायली. एक सही केली तर तुमच्या मिशीचा केस कमी व्हनार हाय का?"

तेवढ्यात एक कोकरू कळपातून सुटून फाटकाबाहेर रस्त्याकडे निघालं. सोजरबाई ओरडत त्याच्या मागे धावली तसं ते आणखी जोराने पळालं. बिरुदेव उठला. कोकराकडे पाहिलंही नाही. बांधाच्या कडेने, लांबून वळसा घेऊन, त्याच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि जिभेने चकचक केलं. कोकरू थांबलं, त्याच्या पायाशी आलं.

धनगराच्या घरात हे पोरासोरांना चालता येण्याआधी शिकवतात. त्याचा बाप म्हणायचा, सुटलेल्या मेंढराच्या मागं पळू नये, मागं पळालं की ते विहिरीत जाऊन पडतं. पुढं जाऊन उभं राहावं. मागं कुणी न्हाय म्हटलं की मेंढरू थांबून चरायला लागतं. बिरुदेवला हे सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. अंगात खाकी आली आणि शेजारी साहेब बसला तेव्हा तो ते विसरला, आणि त्याची किंमत चंद्रव्वाने भरली.

सोजरबाई धापा टाकत आली. नवऱ्याच्या हातातलं कोकरू पाहिलं, त्याचं तोंड पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या दिवशी पाय काढला नसता तर काय झालं असतं?"

"एक पोरगी गेली असती. कदाचित जास्त."

"बघितलीसा तुमी?"

"बघितली."

सोजरबाईने त्याच्या खिशातला कागद स्वतः काढला आणि चुलीकडे नेला. "मग कशाची माफी मागता? फाटकावर हुबं ऱ्हावा. म्या डबा दीन की तितं."

चौकशी सहायक आयुक्त वैदेही मॅडमपुढे झाली. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, कमी बोलणाऱ्या, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत चष्मा हातात धरणाऱ्या. टेबलावर ती वही होती. एका बाजूला अभिमन्यू कडक इस्त्रीत, दुसऱ्या बाजूला बिरुदेव.

मॅडमनी आधी अभिमन्यूला विचारलं. त्याने सगळं नीट सांगितलं, नाकाबंदी, पिकअप, आदेश, सही, अवज्ञा. एक शब्द खोटा नव्हता.

"चालकाने गाडी थांबवली तेव्हा पुढच्या चौकात काय होतं?" मॅडम म्हणाल्या.

"शाळा आहे मॅडम तिथं."

"ते मलाही माहीत आहे. त्या क्षणी चौकात काय होतं? तुम्ही काय पाहिलंत?"

अभिमन्यूने टेबलावरच्या वहीकडे पाहिलं. ‘गर्दी तुरळक होती’ असं म्हणायला त्याला कोण अडवणार होतं? सोळा वर्षांपूर्वी बिरुदेवच्या शेजारच्या सीटवरच्या माणसाने असंच एक वाक्य म्हटलं होतं. बिरुदेवला स्वतःच्या नोकरीपेक्षा त्या पोराच्या उत्तराची जास्त काळजी वाटली, हे त्यालाच नवल.

"आठवत नाही मॅडम," अभिमन्यू शेवटी म्हणाला. मग मान खाली घालून, "म्हणजे, पाहिलंच नाही. मी फक्त पिकअपकडं बघत होतो."

"बंडगर, तुम्ही?"

बिरुदेवला आठवावं लागलं नाही. "डाव्या अंगाला रिक्षा हुबी व्हती मॅडम, तीन पोरं दप्तरं आत टाकून चढत व्हती. उजवीकडं उसाच्या रसाचा गाडा, त्याच्याम्होरं चार-पाच जणी. एक म्हातारं दोन दप्तरं खांद्याला आडकवून नातवाचा हात धरून निम्म्या रस्त्यात आलेलं. शाळंच्या बाई हात वर करून हुब्या, पर त्यांची पाठ आमच्याकडं. आन मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावर, एक पोरगी. दोन वेण्या, लाल रिबीन. खाली वाकून बुटाची नाडी बांधत व्हती."

अभिमन्यू बिरुदेवकडे बघत होता, पहिल्यांदा बघावं तसा.

मॅडमनी चष्मा लावला. "चोर नंतर सापडला, म्हणून तुम्ही बरोबर ठरता असं समजू नका."

"न्हाय मॅडम. सापडला नसता तरी म्या पाय काढला असता."

"मग सही का मागितलीत? सही मिळाल्यावर वेग का वाढवलात?"

हा प्रश्न नेमक्या जागी बसला. बिरुदेवने वहीकडे पाहिलं. "ती चूक माझी हाय मॅडम. एकदा माझ्या हातनं एका बाईचा पाय गेला. हुकूम दुसऱ्याचा, गुन्हा माझ्यावर. म्हून ही वही केली. चौदा वर्सं मला वाटायचं, ह्या वहीनं मानसं वाचत्यात. वाचत व्हती ती सायबांच्या भ्यानं. शिरसट साहेब भ्याले न्हाईत, सही केली, आन म्या ऐंशीनं गाडी हाणली. मंग कळलं की ही वही मला वाचवायला केलेली हाय. रस्त्यावरल्याला न्हाय. नोटीस द्यायची तर सुरवातीच्या त्या दोन-तीन मैलांची द्या. पाय काढल्याची नगं."

निकाल पंधरा दिवसांनी आला. आदेश मोडल्याचा आरोप रद्द. परवानगीशिवाय खासगी नोंदवही ठेवल्याबद्दल मात्र एक ताकीद. सरकारी खातं कुणाला पूर्ण निर्दोष सोडत नाही, त्याला चैन पडत नाही. त्याच्या मागोमाग सगळ्या ठाण्यांच्या फळ्यावर एक परिपत्रक लागलं. पाठलाग चालू ठेवण्याची जबाबदारी गाडीतल्या अधिकाऱ्याची आणि नियंत्रण कक्षाची. पाठलाग सोडण्याचा अधिकार गाडीतल्या कुणाचाही, चालकाचासुद्धा, आणि सोडला म्हणून कुणावर कारवाई नाही. आण्णांनी ते बिरुदेवला दोनदा वाचून दाखवलं आणि फाईल बंद झाली म्हणून स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

सोमवारी बिरुदेव गाडीवर परतला. चाकांना बूट लावला, काच पुसली. डॅशबोर्डवर सुतळीचा एक तुकडा राहिला होता, तो सोडवून टाकला.

अभिमन्यू येऊन शेजारी बसला. मग म्हणाला, "मामा, साडेबाराला त्या चौकात घ्या."

ठाण्यात वयाने मोठ्या हवालदाराला मामा म्हणायची रीत आहे, पण शिरसट साहेबांच्या तोंडून ते आजवर आलं नव्हतं. बिरुदेवने काही न दाखवता गाडी काढली आणि साडेबाराला पाच कमी असताना चौकाच्या अलीकडे, त्याच डाव्या कडेला उभी केली.

घंटा झाली. आधी दोन-चार पोरं आली, मग एकदम लोंढा आला. रिक्षा आली, रसाचा गाडा होताच. अभिमन्यू खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. त्याच्या ओठांची हालचाल बिरुदेवला काचेतून दिसत होती. रिक्षा. म्हातारा. शाळेच्या बाई. जे पूर्वी दिसलं नव्हतं ते तो एकेक करून मोजत होता.

पांढऱ्या पट्ट्यांवर मधोमध दोन वेण्यांची एक पोरगी थांबली. तीच होती की दुसरी, कुणास ठाऊक. त्या वयाच्या पोरींच्या नाड्या रोजच सुटतात. ती खाली वाकली. मागून एक टेम्पो हॉर्न देत येत होता.

अभिमन्यू रस्त्यात गेला, तिच्या आणि टेम्पोच्या मध्ये उभा राहिला आणि हात वर केला. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं साहेब, कोण पळालंय?"

"कोणी नाही," अभिमन्यू म्हणाला. "थांब जरा. नाडी बांधतेय."